पितळेचा तांब्या पिवळा नसतो

प्रश्न असा आहे: "वय ५१. शाळेत चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बी ग्रेड मिळाली होती, त्यानंतर ब्रश हातात धरला तो आत्ता. ॲक्रिलिकचा २४ रंगांचा सेट आणला आणि व्हिडिओ बघत बघत पितळेचा तांब्या, दोन लिंबं आणि एक वांगं अशी मांडणी कॅनव्हास बोर्डावर रंगवली. तांब्या प्लास्टिकचा दिसतो. लिंबाची सावली शेवाळासारखी हिरवी झाली. आणि रंग एकमेकांत मिसळायच्या आत वाळतात, पट्टे पडतात. ऑइल घ्यायला हवं होतं का? सुरुवात कुठून करू? हा बोर्ड टाकून देऊ का?"

ऑइल आत्ता घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी पट्ट्यांची तेवढी ॲक्रिलिकची आहे. तांब्या आणि लिंबू तेलरंगातही असेच बिघडले असते, फक्त बिघडलेलं चित्र वाळायला आठवडा लागला असता आणि घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला असता. बोर्डाचं शेवटी बोलू. तो टाकू नका एवढं आत्ता सांगून ठेवतो.

गेली बावीस वर्षं मी शनिवार-रविवारी मोठ्या माणसांना शिकवतो. त्यांत शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिलेले बरेच असतात. त्यांची रेषा बरी असते, मांडणीची भीती नसते. पण सगळे एक खोड घेऊन येतात, आणि ती त्यांना जलरंगानं लावलेली असते. स्थिरचित्राचा पेपर आपण जलरंगात सोडवला. तिथे कागदाचा पांढरा म्हणजेच उजेड. म्हणून फिकटाकडून गडदाकडे जायचं, उजेडाची जागा कोरी राखायची, ओल्यात ओलं सोडायचं, आणि वेळ संपायच्या आत एका बैठकीत उरकायचं. ॲक्रिलिकमध्ये यातलं जवळजवळ सगळं उलटं करावं लागतं. पांढरा ट्यूबमधून येतो आणि शेवटी येतो. गडदावर फिकट बसतं. आणि एका बैठकीत उरकायला गेलात तर ॲक्रिलिक तुमची फजिती करतं. ते थरांचं माध्यम आहे.

वाळण्याचा प्रकार एकदा नीट समजला की निम्मा त्रास जातो. ट्यूबमध्ये रंगद्रव्याची पूड, पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा सलग पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यानं सुटत नाही. फेव्हिकॉल आठवा. लावताना पांढरा, वाळल्यावर आरपार दिसणारा. रसायन वेगळं, पण वाळण्याची तऱ्हा तीच. ॲक्रिलिकमधलं ते दुधाळपण वाळताना निघून जातं, म्हणून पॅलेटवर बरोबर जुळलेला रंग चित्रावर थोडा गडद होतो. यावर उपाय म्हणजे रंग किंचित फिकट कालवायचा. सुरुवातीला एका कागदाच्या पट्टीवर ठिपका देऊन, हेअर ड्रायरनं वाळवून बघायचा. महिनाभरात अंदाज येतो.

आणि पंखा बंद करा. हे कुणी सांगत नाही, कारण बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले असतात. पुण्यात मे महिन्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर पातळ थर चार-पाच मिनिटांत वाळतो. तोच थर जुलैत कोकणात अर्धा तास ओलसर राहील. आणखी एक गोष्ट, व्हिडिओत वाळण्याची वेळ कापलेली असते. शिकवणारा तीन थरांच्या मध्ये चहा पिऊन आलेला असतो, तो चहा तुम्हाला दिसत नाही.

पट्ट्यांचं कारण बहुधा हे: तुम्ही एक रंग लावलात, मग दुसरा कालवायला गेलात, तोवर पहिला ना ओला ना सुका अशा अवस्थेत गेला. त्यावर ब्रश फिरवला की पापुद्रा रबरासारखा गुंडाळून निघतो आणि खालचा बोर्ड दिसू लागतो. या अवस्थेत हात लावायचाच नाही. दहा मिनिटं दुसऱ्या वस्तूवर काम करा, पूर्ण वाळू द्या, मग निर्धास्त वरून लावा. मिसळण्याचं काम चित्रावर करण्याऐवजी पॅलेटवर करा. लिंबाच्या तीन छटा, म्हणजे उजेडातली, मधली आणि सावलीतली, आधीच कालवून शेजारी शेजारी ठेवा. तीनही चित्रावर आपापल्या जागी सपाट लावा, पट्टे दिसू देत. वाळल्यावर पहिल्या दोन छटांच्या मधली चौथी कालवा आणि ती त्यांच्या शिवणीवर लावा. मग दुसऱ्या शिवणीवर पाचवी. दोन हात दूरून बघितलंत तर गोलाई आलेली असते. त्याहून मऊ हवं असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा करा, फडक्याला पुसून, आणि शिवणीवर अगदी हलका घासा. रंग पोताच्या उंचवट्यांवर तेवढा लागतो आणि कड विरते. बाजारात वाळणं लांबवणारं रिटार्डर मिळतं. ते पहिले सहा महिने घेऊ नका. जास्त पडलं तर रंग दिवसभर चिकट राहतो, आणि थरांची शिस्त अंगात यायच्या आत जुनी खोड परत येते.

पाण्याचाही हात आवरा. जलरंगाच्या सवयीनं आपण ब्रश सतत पाण्यात बुडवतो. ॲक्रिलिकमध्ये पाणी फार झालं की त्या प्लास्टिकच्या कणांची पकड सैल होते, थर अशक्त आणि मळकट दिसतो. पातळ पारदर्शक थर हवा असेल तर पाण्याऐवजी ग्लेझिंग मिडियम किंवा साधं ॲक्रिलिक मिडियम, म्हणजे रंगद्रव्याशिवायचं ॲक्रिलिक, घाला. एक छोटी बाटली वर्षभर पुरते.

आता तुमचे २४ रंग. त्यातले सहा बाहेर काढा: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). बाकीचे १८ डब्यात घालून डबा कपाटावर ठेवा. काळा मुद्दाम बाहेर ठेवला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना साधारण सारखे घेतले की काळ्याच्या अगदी जवळ जाणारा रंग होतो. निळा वाढवलात तर थंड, सिएना वाढवलात तर उबदार. त्यात पांढरा घातला की जितके म्हणाल तितके राखाडी मिळतात, आणि ते चित्रातल्या इतर रंगांच्या नात्यातले असतात. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबचा आणा, तो इतरांच्या दुप्पट-तिप्पट संपतो.

२४ रंग असले की चिखल का होतो, हे ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. चांगल्या रंगांवर रंगद्रव्याचा क्रमांक छापतात. अल्ट्रामरीनवर पीबी २९, टायटॅनियम व्हाइटवर पीडब्ल्यू ६. एकच क्रमांक असेल तर आत एकच रंगद्रव्य. तीन क्रमांक असतील तर कंपनीनं आधीच तीन गोष्टी कालवल्या आहेत. असे दोन तयार रंग तुम्ही एकत्र केलेत की सहा रंगद्रव्यं एकमेकांचा उजळपणा खातात. सॅप ग्रीन किंवा फ्लेश टिंट नावाची ट्यूब बहुतेक अशीच असते. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर महाग रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं वापरलंय एवढाच अर्थ, शिकायला ते चालतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण खरा प्रश्न. तुमच्या मांडणीवर उजेड कुठून पडत होता? माझा अंदाज, वरून ट्यूबलाइट, बाजूला खिडकी, आणि मागे स्वयंपाकघरातला दिवा. म्हणजे प्रत्येक वस्तूला तीन सावल्या, आणि त्यातली एकही ठाम नाही. अशा उजेडात जाणत्या चित्रकारालाही गोलाई दाखवता येत नाही, कारण ती तिथे नसतेच. मिक्सर किंवा कुकर आला होता तो पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याची समोरची आणि एक बाजू कापून टाका. आत साध्या एकरंगी सुती कापडाचा तुकडा. काठापदराचा मोह आवरा, इरकलीचा काठ रंगवायला वेगळे आठ दिवस लागतात. उघड्या बाजूनं एकच टेबललॅम्प, वस्तूंच्या साधारण दुप्पट उंचीवरून, तिरका. बाकी दिवे बंद. बोर्डावर दिसण्यापुरता दुसरा छोटा दिवा ठेवा, पण त्याचा उजेड खोक्यात जाता कामा नये. लगेच दिसेल की प्रत्येक वस्तूची एक बाजू उजेडात, एक अंधारात आणि पडछाया एकीकडेच.

वस्तूंच्या बुडाभोवती खडूनं खूण करा आणि खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टी लावा. थरांचं काम चार-पाच दिवस चालतं, आणि घरात कुणीतरी तांब्या उचलून पाणी पितंच. वांगं तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरकुतायला लागतं, म्हणून ते आधी उरका. लिंबं थोडी जास्त धीर धरतात. कांदा, बटाटा, नारळ हे सगळ्यात आज्ञाधारक मॉडेल. केळी आणि झेंडू नवशिक्यानं घेऊच नयेत.

पहिले दोन आठवडे तांब्या बाजूला ठेवा आणि एकटा बटाटा रंगवा, रंगाशिवाय. सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद तपकिरी, त्यात पांढरा घालत घालत पाच पायऱ्या करा. पाचच. जेसोचा, म्हणजे रंग धरण्यासाठी आधी लावायच्या पांढऱ्या लेपाचा, हात दिलेला ३०० जीएसएमचा जाड कागद पुरे, बोर्ड वाया घालवू नका. डोळे किलकिले करून बटाट्याकडे बघा. बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि फक्त गडद-फिकट डाग उरतात. ते डाग लावा. कड काढून आत भरू नका. झाल्यावर बटाट्याचा आणि चित्राचा एकत्र फोटो काढून मोबाइलवर कृष्णधवल करा. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांत बटाट्यात जेवढं अंतर आहे तेवढं तुमच्या चित्रात क्वचितच सापडेल. सगळ्यांचं असंच होतं. सावली पुरेशी गडद करायला हात धजत नाही. चौथ्या बटाट्यापर्यंत धजतो.

मग लिंबू. तुमची सावली हिरवी झाली कारण तुम्ही पिवळ्यात काळा घातलात. ट्यूबमधला काळा पिवळ्यात गेला की निळ्यासारखा वागतो आणि शेवाळी हिरवा देतो. पिवळा गडद करायचा तर तो तांबूस बाजूनं खाली उतरवा: लेमन यलो, मग त्यात ऑकर, मग ऑकरमध्ये सिएना, आणि सगळ्यात खोल जागी सिएनात क्रिमसन-अल्ट्रामरीनच्या जांभळ्याचा थेंब. सावलीच्या खालच्या कडेला कापडाचा उजेड परतून येतो, ती कड थोडी उजळ असते. थोडी, बरं का. ती उजेडाच्या बाजूइतकी उजळ केलीत की लिंबाला भोक पडल्यासारखं दिसतं. उजेडाच्या बाजूला उलट चूक होते, पिवळ्यात पांढरा घालत गेलं की लिंबू पेढ्यासारखं दिसायला लागतं. तिथे पिवळा शुद्ध राहू द्या, पांढरा फक्त चमकत्या ठिपक्यात. लेमन यलो बहुधा अर्धपारदर्शक असतो, तपकिरीवर थेट लावला तर मळका दिसतो आणि चार हातांनीही झाकत नाही. आधी पांढऱ्यात चिमूटभर ऑकर घालून लिंबाची उजेडाची बाजू अपारदर्शक करून घ्या, वाळू द्या, वरून पिवळा. एका हातात झळाळतो.

आता तांब्या.

तुम्ही तो पिवळा रंगवलात, कारण पितळ पिवळं असतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. घासलेलं पितळ मात्र स्वतःचा रंग फार थोडा दाखवतं. ते वाकवलेला आरसा असतं. खुर्चीत बसून त्या तांब्याकडे दोन मिनिटं नुसतं बघा आणि डावीकडून उजवीकडे पट्टे मोजा. एक जवळजवळ काळा, तो खोक्याचा अंधार. एक झगझगीत, तो दिवा. मध्ये तपकिरी. कदाचित एक तुमच्या शर्टाचा. पोटाच्या खालच्या भागात कापडाचा रंग चढलेला, आणि लिंबाच्या बाजूला एक चपटं, वाकलेलं, इवलंसं लिंबू. ज्याला आपण पितळी पिवळा म्हणतो तो सगळ्या तांब्यात एखाद-तृतीयांश निघेल.

आणि प्लास्टिकचा का दिसतो? प्लास्टिक, मातीची चकाकती बरणी, वांग्याची साल, यांच्यावरची चमक ही दिव्याच्या रंगाची असते, म्हणजे पांढरीच. रंगीत धातूचं तसं नसतं. पितळेवरून परतणारा उजेड पितळेच्या रंगात बुडून येतो. त्यामुळे तांब्यावरची चमकही पिवळसर असते. तुम्ही गुळगुळीत पिवळ्या गोलाईवर ट्यूबमधला शुद्ध पांढरा ठिपका दिलात. डोळ्यानं त्याचा बरोबर अर्थ लावला: पिवळं प्लास्टिक. दुसरं म्हणजे प्लास्टिकवर गडद-फिकट हळूहळू उतरतात. धातूवर ते उडी मारतात, सगळ्यात काळ्या पट्ट्याला खेटून सगळ्यात उजळ पट्टा असतो आणि मधे कड करकरीत.

म्हणजे बघा, तुम्ही ज्या पट्ट्यांनी हैराण झालात तेच तांब्याला हवे होते. लिंबावर ते विरवायचे, तांब्यावर तसेच ठेवायचे.

क्रम असा ठेवा. आधी पूर्ण तांब्या ऑकर-सिएनाच्या मध्यम तपकिरीनं सपाट भरा. तुम्हाला वाटेल फार गडद झाला. होऊ द्या. वाळल्यावर अल्ट्रामरीन-सिएनाचे जवळजवळ काळे आकार लावा, आणि ते आकार जसे दिसतात तसेच, अंदाजानं नव्हेत. मानेवर पट्टे सरळ उभे जातात, पोटावर आले की भांड्याबरोबर फुगतात, बुडाशी पुन्हा आवळतात. हे फुगणं-आवळणं चुकलं तर तांब्या सपाट पत्र्याचा होतो. मग ऑकरमध्ये लेमन यलो घालून उजळ पट्टे. मग खालच्या पोटावर कापडाचा रंग, ऑकरमध्ये मिसळलेला. लाल कापड असेल तर क्रिमसन-ऑकर. सगळ्यात शेवटी पांढऱ्यात लेमन आणि नखाएवढा ऑकर घालून चमक. दोन किंवा तीन जागी, लहान, जाडसर रंगानं, ब्रश एकदाच टेकवून. पुन्हा त्यावरून हात फिरवायचा नाही.

रेखाटनातली एक चूक इथेच सांगतो, कारण ती इंटरमीजिएटवालेही करतात. तांब्याचं तोंड आणि बूड दोन्ही लंबवर्तुळं, पण सारखी नाहीत. बूड डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडलेलं, जास्त गोल दिसतं. टेबलावर टेकलेलं म्हणून बुडाची रेघ सरळ मारली की भांडं हवेत तरंगतं. लंबवर्तुळाची टोकंही टोकदार नसतात, ती वळतात.

आणि मांडणीआधी चिंच लावून तांब्या लख्ख करू नका. माझ्या एका विद्यार्थिनीनं केला. त्यात अख्खी खोली, खिडकीचे गज आणि त्या स्वतः दिसायला लागल्या. चार रविवार त्या गज रंगवत बसल्या. आठवडाभर वापरलेला, थोडा मंद तांब्या शिकायला फार सोपा जातो. इटलीत बोलोन्याला राहणारा जॉर्जो मोरांदी, १८९० ते १९६४, आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, सुरया आणि डबे मांडून रंगवत राहिला. चमक नको म्हणून तो काही बाटल्यांना आधी सपाट रंगच फासून घेई. तेलरंगातली आहेत, पण त्याची चित्रं मोठ्या पडद्यावर बघा आणि दोन बाटल्यांच्या मधल्या जागेकडे लक्ष द्या. भांड्यांच्या बाबतीत मात्र माझा गुरू फ्रेंच चित्रकार शार्दां, १६९९ ते १७७९. त्यानं रंगवलेलं तांबं या धातूचं भांडं बघितलंत तर बहुतेक भाग उबदार तपकिरी अंधारात असतो, उजेडाला जागा एवढीशी.

वांग्याबद्दल थोडंच. त्याचा रंग मुळातच इतका गडद की उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांत फार फरक नसतो. क्रिमसन-अल्ट्रामरीनचा खोल जांभळा सगळीकडे, त्यात उजेडाच्या कडेला जरासा निळसर. गोलाई सगळी चमकेवर तोललेली असते, आणि इथे ती चमक खरंच पांढरी, किंचित निळी झाक असलेली. तांब्या आणि वांगं शेजारी ठेवलंत ही तुमची निवड नकळत फार चांगली झाली. एकाच दिव्याच्या दोन चमका, एक पिवळी, एक पांढरी.

पडछाया राखाडी नसते. ती कापडाचाच गडद झालेला रंग असते. वस्तू जिथे टेकते तिथे एक अगदी काळी बारीक रेघ, मग पडछाया लांब जाईल तशी फिकट आणि कड मऊ. ही टेकण्याची रेघ विसरलात तर सगळं लिंबू-वांगं वर उचललेलं दिसतं.

सामानाची कटकट थोडक्यात. नायलॉनचे तीन ब्रश पुरेत: एक रुंद चपटा, एक मधला गोलसर टोकाचा चपटा, एक बारीक गोल. बारीक ब्रश शेवटच्या दिवसापर्यंत लपवून ठेवा, नाहीतर सुरुवातीपासून त्यानेच पापण्या काढत बसाल. ब्रशमध्ये रंग वाळला की ब्रश गेला, म्हणून काम चालू असताना तो पाण्यात किंवा ओल्या फडक्यावर, आणि उठताना साबणानं मुळापर्यंत धुवायचा. केसांवर उभा करून रात्रभर बरणीत ठेवायचा नाही. पॅलेटसाठी मिठाईचा झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला केलेला स्वयंपाकघरातला स्पंजचा रुमाल, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. रंग त्या कागदावर काढा. खालून ओलावा मिळत राहतो, झाकण लावलं तर दोन-तीन दिवस रंग जिवंत राहतात. पावसाळ्यात त्याला बुरशीचा वास येतो, तेव्हा रुमाल बदला. ब्रश धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी रात्रभर बादलीत स्थिर होऊ द्या आणि तळाचा गाळ कागदानं पुसून कचऱ्यात टाका, नाहीतर हा प्लास्टिकचा थर पाइपात साचतो.

आणि चित्रं एकमेकांवर चेहऱ्याला चेहरा लावून कधीही ठेवू नका. ॲक्रिलिकचा पापुद्रा वाळल्यावरही मऊच असतो आणि उन्हाळ्यात चिकट होतो. एकदा मे महिन्यात प्रदर्शनाला नेताना मी दोन कॅनव्हास असे जोडून गाडीच्या डिकीत ठेवले. चार तासांनी सोडवले तेव्हा माझ्या कांद्यांचा अर्धा थर दुसऱ्या चित्रातल्या आभाळाला लागला होता. बबल रॅपनंही असंच होतं, गोल गोल ठसे उमटतात.

आता तुमचा बोर्ड. ॲक्रिलिकची सगळ्यात मोठी सोय हीच की वाळलेल्या चित्रावर कधीही पुन्हा काम करता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. ओल्या फडक्यानं धूळ आणि तेलकट बोटं पुसून घ्या. रंगाचे जाड उंचवटे असतील तर पाण्यानं ओला केलेला बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. कोरडं घासू नका, ती पूड नाकात जायला नको. बटाट्यांचे दोन आठवडे झाले की तीच मांडणी खोक्यात, एका दिव्याखाली लावा. लिंबाच्या हिरव्या सावलीवर ऑकर-सिएनाचा अपारदर्शक हात द्या, ती जाईल. तांब्यावर काळे पट्टे चढवा, ते आधीच्या पिवळ्यावर छान बसतील.

पण त्याही आधी, आजच संध्याकाळी, पाच मिनिटांचं एक काम करून बघा. चमचाभर ॲक्रिलिक मिडियममध्ये मोहरीएवढा ऑकर कालवा, चहाच्या पाण्याइतका पारदर्शक. तो तांब्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यावर एकदाच ओढा आणि खुर्ची दोन पावलं मागे घ्या.